मागच्या दाराला बांधलेली ट्यूब

पुण्याच्या ऑफिसात आम्ही मालवाहू गाडी बनवत होतो. बंद डब्याची. गाडी एकच, पण तीन कंपन्यांच्या नावांनी विकली जाणार होती. इंजिन, डबा, दारं सगळं सारखं. फरक काय तो समोरच्या जाळीत आणि बिल्ल्यात. डब्याचं काम माझ्याकडे होतं.

कारंज्याला घरी गेले तेव्हा टेप घेऊन बाबांच्या भाजीचे कॅरेट मोजत बसले. बाबांना कोण कौतुक! आयुष्यभर त्यांनी मेथी-पालक उघड्या गाडीतून नागपूरच्या बाजारात नेलेली. म्हणाले, "बाई, डब्याले वरच्या अंगानं जाळी ठेवजो. मेथीले वारा लागते, नाई तर बंद डब्यात उकडून जाते."

मी ते वहीत लिहून घेतलं. पुढच्या बैठकीत तिन्ही कंपन्यांचे साहेब बिल्ला दोन बोटं वर की खाली, यावर दुपारभर भांडले. शेवटी कुणीतरी विचारलं, "आणखी काही?" वही माझ्यासमोर उघडीच होती. पण ही जाळी कुणी सुचवली म्हणून विचारलं तर काय सांगू? माझ्या बापानं? मला लाज वाटली. आज त्या लाजेचीच लाज वाटते. मी नकारार्थी मान हलवली आणि वही मिटली.

गाडी बाजारात आली तशी बाबांनी आपली उघडी गाडी विकून ती घेतली. केवळ माझी म्हणून. जो भेटेल त्याला बोनेटवर थाप मारून सांगायचे, "माह्या पोरीनं बनवली."

यंदा मे महिन्यात घरी गेले, तर मागची दोन दारं पुरती मिटू नयेत म्हणून त्यांच्या फटीत लाकडाचा ठोकळा आणि वरून सायकलची ट्यूब करकचून बांधलेली.

"हे काय, बाबा?"

"काई नाई. मीच आजकाल मेथी उशिरा तोडून राह्यलो. पिवळी पडते मंग."

दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर बाजारात गेले. शेजारी दुसऱ्या दोन नावांच्या गाड्या लागल्या होत्या. त्याही आमच्याच. एकीच्या दारात विटेचा तुकडा होता, दुसरीच्या दारात जुनी चप्पल. एक तरुण भाजीवाला पिवळी कोथिंबीर बाजूला फेकत बाबांना म्हणाला, "कोनं बनवली असन हो काका ही गाडी? त्याच्या घरी भाजी खात नाईत काय?"

बाबा ट्यूबची गाठ सोडत म्हणाले, "गाडी चांगली हाय रे. आपली भाजीच नाजूक."

त्यानं माझ्याकडे बघून विचारलं, ही कोण?

"पोरगी हाय. सुट्टीवर आली," एवढंच बोलून बाबा कॅरेट उतरवायला लागले. पोरगी काय करते, ते त्यांनी पहिल्यांदाच कुणाला सांगितलं नाही. मला तोंड उघडायची ही दुसरी संधी होती. मी कॅरेटचं दुसरं टोक धरलं.