२०१३ ची बाटली

ती घटना आठवली की आजही मन खातं.

माझे आईवडील सांगलीचे, माझा जन्म जर्मनीतल्या कार्ल्सरूहेचा. तिथल्याच गुन्हे शाखेत मी तीस वर्षं काढली. एके सकाळी एका वयस्कर डॉक्टरांनी फिर्याद दिली. शहरातल्या जुन्या दुकानातून त्यांनी फ्रान्समधल्या बोर्दोच्या एका नामांकित द्राक्षमळ्याची २०१० सालची वाईन घेतली होती. मुलीच्या लग्नात बाटली उघडली, तर वाईन पातळ आणि आंबट. दुकानमालकाने लगेच तळघर सांभाळणाऱ्या नाशिकच्या माणसाकडे बोट दाखवलं. किल्ल्या त्याच्याकडेच असत.

चौकशीत तो शांत होता. "डॉक्टरांनी परत आणलेली बाटली मी चाखली. मळा तोच आहे, पण वाईन २०१३ ची. त्या वर्षी फुलोऱ्यात थंडी-पाऊस लागला, पुढे कूज धरली, द्राक्षं घाईने तोडावी लागली. २०१० चा उन्हाळा कोरडा, रात्री गार. ती वाईन तोंड भरून टाकते. मी मालकांना सांगितलं. ते म्हणाले, गप्प बस."

"इतकं नेमकं साल कसं कळलं?"

"चवीवरून." मग तो एकदम मराठीत आला. "दादा, तुम्ही तरी ऐका हो माझं."

शेजारी माझा जर्मन सहकारी बसला होता. आपल्या माणसाला सांभाळून घेतो, असं कुणी म्हणू नये, ही धास्ती मला नोकरीभर होती. मी म्हणालो, "जर्मनमध्ये बोला."

तपासणीत बाटलीतली वाईन २०१३ चीच निघाली. मी अहवालात लिहिलं, 'खरं साल आरोपीला आधीच ठाऊक होतं.' परदेशी माणूस, पळून जाईल म्हणून न्यायाधीशांनी कोठडी दिली. त्याची बायको लहान मुलीला घेऊन ठाण्यात यायची. बाबा कधी येणार, असं ती पोर मला जर्मनमध्ये विचारायची. मी कागद चाळत बसायचो.

सात आठवड्यांनी एक वृद्ध बाई दोन बाटल्या घेऊन आल्या. तेच दुकान, तसंच खोटं लेबल. खरेदी मात्र नाशिकचा माणूस जर्मनीत येण्याच्या दोन वर्षं आधीची. मालकाच्या घरी झडती घेतली, तर लेबलांचा गठ्ठाच सापडला. संध्याकाळपर्यंत त्याने सगळं कबूल केलं.

नाशिकचा माणूस सुटला, पण नोकरी गेली होती आणि राहण्याचा परवाना नोकरीवरच होता. तो भारतात परत जायच्या आधी मी त्याला भेटलो. म्हणालो, "चुकलं माझं."

"आपला माणूस म्हणून तुम्ही मला पहिल्या दहा मिनिटांत ओळखलं होतं साहेब," तो म्हणाला. "म्हणूनच ऐकलं नाहीत."

पुढे नाशिकला फोन केला, तेव्हा कळलं की कोठडीचा डाग लागला म्हणून कुठलीही वाईनरी त्याला घेत नाही. तो मेव्हण्याच्या हार्डवेअरच्या दुकानात बसतो.

निःपक्षपाती दिसण्याच्या हट्टापायी मी एका निरपराध माणसाचा बळी दिला. अहवालावरची सही माझी आहे. ती खोडायची सोय कुठल्याही नियमात नाही.