उभ्याची पाठ

आमचा उभ्या कधी पाठीवर झोपत नसे. बॉक्सिंगच्या शिबिरात आम्ही वीस जण सतरंज्यांवर ओळीने आडवे व्हायचो, तेव्हा हा भिंतीकडे तोंड करून कुशीवर, आणि झोपेत चुकून वळायला नको म्हणून पाठीमागे स्वतःची बॅग लावलेली. सरांनी पोटाचे व्यायाम सांगितले की बाकीचे मॅटवर उताणे पडून घाम गाळायचे आणि हा दाराच्या चौकटीला लोंबकळून पाय वर घ्यायचा. एकदा त्याची दाढ काढायची होती म्हणून मी बरोबर गेलो. डॉक्टरांनी खुर्ची मागे कलवायला घेतली तसा हा तोंडातला कापूस घेऊनच उठून उभा राहिला. "बसून काढा, न्हाईतर राहू द्या," म्हणाला. शेवटी डॉक्टरांनीच कंबर मोडेपर्यंत वाकून ती दाढ काढली. बाहेर आल्यावर मी त्याला चार शिव्या दिल्या, त्या त्याने गाल धरून ऐकून घेतल्या.

ही खोड त्याच्या वडिलांची. रहिमतपूरच्या अलीकडे त्यांचं गाव, आणि गावच्या तालमीचे ते वस्ताद. कुस्तीत पाठीला माती लागली की माणूस हरला, नाही लागली तर नाही हरला, एवढंच त्यांचं शास्त्र आणि एवढाच त्यांचा धर्म. पोरगा मात्र अंगाने एवढासा निघाला. लाल मातीत त्याचं काही व्हायचं नव्हतं. साताऱ्याला कॉलेजात आला आणि आमच्या हॉलवर येऊन ग्लोव्हज घालून बसला. वस्ताद एकदा येऊन बघून गेले. त्यांच्या लेखी ती कुस्तीच होती, फक्त माती नव्हती आणि हातांना उशा बांधल्या होत्या. पॉइंट नावाची भानगड सरांनी त्यांना तासभर समजावून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "पर पाठ लागली तरच हरला न्हवं?"

पहिली लढत तो सपशेल हरला. पाचही पंचांनी समोरच्याला दिली. नाक सुजलेलं, एक डोळा मिटलेला, अशा अवतारात मी त्याला गावी पोचवायला गेलो, तर एस.टी. थांब्यावर हलगी उभी. वस्तादांनी पोराच्या डोक्याला फेटा बांधला आणि गुलाल उधळत त्याची मिरवणूक काढली. मी एकदोघांना सांगून बघितलं की तो हरलाय. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. सुजलेल्या ओठांनी तो म्हणाला, "हरलो कुठं, दादा? उभा हाय की." तेव्हापासून आमच्या हॉलवर त्याचं नाव उभ्या पडलं. खरं नाव आता त्याच्या आईलाही हाक मारताना आठवत नसेल.

मी त्याच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा आणि पडण्यात पटाईत. बरगडीत एक नीट बसली की मी गुडघा टेकायचो, पंच आठ आकडे मोजेपर्यंत श्वास घ्यायचो, आणि उठलो तर उठलो. सर म्हणायचे, गुडघा टेकणं हाही खेळच आहे. आज मी साताऱ्यात टायरचं दुकान चालवतो, गिऱ्हाइकाशी नीट बोलतो, जिना चढतो, याचं कारण मी लवकर पडायचो हेच आहे. उभ्याला मी कितीदा तरी शिकवायला गेलो. तो हसायचा. "आज गुडघा टेकला की उद्या पाठ टेकावी वाटंल," म्हणायचा.

त्याची खरी गंमत पुढेच होती. जिंकत असला की उभ्या बघवत नसे. जेमतेम, चाचपडत, सरकारी कचेरीत फाईल हलावी तसा खेळायचा. पण एकदा मार बसायला लागला, हातातून लढत गेली, की त्याच्या अंगात कुठून कोण जाणे लय यायची. पाय हलके व्हायचे. मान अशी बोटभर हलवायचा की समोरच्याचा ठोसा कानाजवळून जायचा. डावा हात बघता बघता दोनदा लागून परत यायचा. तोवर उशीर झालेला असायचा, निकाल फिरायचा नाही, पण बघणारे उभे राहायचे. पुढे पुढे तर लोक त्याला हरताना बघायलाच यायला लागले. मीही त्यातलाच. कबूल करतो.

सांगलीला राज्याच्या अंतिम लढतीला तो पोचला, त्याला नऊ वर्षं झाली. सर तापाने फणफणले होते, म्हणून त्याच्या कोपऱ्यात मी उभा राहिलो. टॉवेल माझ्या खांद्यावर. कोपऱ्यातून तो टॉवेल आत टाकला की लढत थांबते, एवढा अधिकार त्या दिवशी माझा होता. वस्ताद माझ्या बरोबर मागे, पहिल्या रांगेत, फेटा बांधून.

समोर नाशिककडचा पोरगा होता, डावखुरा, हाताने लांब. पहिल्या फेरीत त्याने उभ्याला बडव बडव बडवला. दुसरीत पंचांनी दोनदा लढत थांबवून, तो पडलेला नसतानाच त्याच्यावर आठ आकडे मोजले. फेरी संपल्यावर तो स्टुलावर बसला आणि मी त्याच्या तोंडावर पाणी मारलं.

"दादा, त्यो दोन दोन दिसतोय," तो म्हणाला.

"मग आता गुडघा टेक," मी म्हणालो. "पहिलाच ठोसा बसला की टेक. एकदाच. माझं ऐक."

मागून वस्तादांचा आवाज आला, "ए, काय शिकवतोस त्याला? उठ रं पोरा! आन् तू टॉवेलाला हात लावू नगंस, सांगून ठेवतो."

तिथेच मी टॉवेल टाकायला हवा होता. वस्तादांना भ्यालो म्हणून टाकला नाही, असं मी बरीच वर्षं लोकांना सांगितलं. ते खोटं आहे. उभ्या स्टुलावरून उठला आणि त्याचे पाय हलके झालेले मला दिसले. मला तिसरी फेरी बघायची होती.

आणि ती बघितली. त्या तीन मिनिटांसारखं बॉक्सिंग मी पुन्हा पाहिलं नाही, टीव्हीवरसुद्धा नाही. दोन दिसणाऱ्या माणसांशी तो लढत होता आणि दोघांनाही शोधून मारत होता. मधूनच एखादा ठोसा त्याच्या कानशिलावर बसायचा, गुडघे कापायचे, तो दोरांना टेकायचा आणि दोरांवरून पुन्हा समोर. मिठी पडली तेव्हा ते दोघे माझ्या कोपऱ्यालगत होते. नाशिकच्या पोराचे शब्द मला स्पष्ट ऐकू आले. "भाऊ, पड ना," तो म्हणत होता. "पड ना रे, हात जोडतो." त्याच्या आवाजात रडू होतं. उभ्या पडला नाही. घंटा झाली तेव्हा सगळा हॉल उभा होता आणि मी टॉवेल दोन्ही हातांत पिळत ओरडत होतो, आनंदाने.

पाचही पंचांनी लढत नाशिकच्या पोराला दिली. लढतीवरच्या डॉक्टरांनी उभ्याच्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि स्ट्रेचरवर आडवं व्हायला सांगितलं, इथंच दवाखान्यात दाखवा म्हणाले. वस्ताद पुढे झाले. "चार माणसांत आडवा करता व्हय त्याला? न्हाई लागली पाठ, सगळ्यांनी बघितलंय." मी म्हणालो, "आवं वस्ताद, दाखवून जाऊ." मी ते एकदाच म्हणालो. मग जीपमध्ये बसलो.

गावात हलगी होतीच. गुलालात उभ्याला ओकारी झाली. लोकांना वाटलं, दमला. वेशीजवळ तो तोंडघशी पडला तो उठलाच नाही. साताऱ्याला नेलं, रात्रीत डोक्याचं ऑपरेशन झालं. तो अजून बेशुद्ध होता तेव्हा वस्तादांनी नर्सच्या हातापाया पडून त्याला कुशीवर वळवून घेतलं. शुद्धीवर येईल तेव्हा पाठीवर नको, म्हणाले.

तो वाचला. वाचला म्हणजे काय, ते मी दर दोन-तीन महिन्यांनी जाऊन बघतो. डावा पाय ओढतो. शब्द एकेक करून, वजन केल्यासारखे येतात. तोल राहत नाही, त्यामुळे पडतो. रिंगमध्ये जो एकदाही पडला नाही तो आता आठवड्यातून कितीदा तरी अंगणात पडतो. आणि पडला की एकच विचारतो, "लागली का?" अख्ख्या गावाला त्याचं उत्तर पाठ आहे. दुकानदार, शाळेतली पोरं, दूधवाला, सगळे म्हणतात, "न्हाई रं, कुशीवर पडलास." मीही तेच म्हणत आलो.

पण पाठ लागू नये म्हणून तो पडताना हवेतच अंग पिळवटून घेतो. त्यात मनगट मोडलं. मग खांद्याचं हाड. पुढचे दोन दात गेले. डॉक्टरांनी सांगितलं, त्याला सरळ पडू द्या, पुढच्या वेळी असाच वळला आणि डोकं आपटलं तर काही करता येणार नाही. मी हे वस्तादांना सांगितलं. ते पंचा झटकत म्हणाले, "त्याच्यापाशी आता दुसरं हाय काय? एवढंच हाय. ते काढून घेऊ नगंस."

गेल्या महिन्यात मी गेलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. वस्ताद ओट्यावर बसले होते. उभ्या मला बघून उठला, दोन पावलं आला आणि दगडावरून पाय सटकला. त्याने वळायचा प्रयत्न केला, पण त्या दिवशी अंगाने साथ दिली नाही. सरळ मागे, अंगणातल्या मातीत, दोन्ही खांदे टेकून पडला. डोकं थोडक्यात वाचलं.

"लागली का?" त्याने विचारलं.

"न्हाई लागली," वस्ताद ओट्यावरून म्हणाले.

उभ्या माझ्याकडे बघत होता. सांगलीत स्टुलावरून बघितलं होतं तसंच.

"लागली," मी म्हणालो. "दोन्ही खांदे टेकले, उभ्या. मी बघितलं."

मला वाटलं तो रडेल, किंवा मला शिवी देईल. त्याने मान थोडी हलवून मातीवर नीट टेकवली.

"खरं?"

"खरं."

"मग... संपली की कुस्ती," तो म्हणाला. मी हात पुढे केला, तो त्याने धरला नाही. "ऱ्हाऊ दे. जरा पडू दे, दादा. लय दमलोय." त्याने दोन्ही हात बाजूला पसरले आणि डोळे मिटले.

वस्ताद ओट्यावरून खाली आले. त्यांचा चेहरा मी आजवर असा पाहिला नव्हता. हळू आवाजात, पोराला ऐकू जाऊ नये अशा बेताने, त्यांनी मला विचारलं, "हे सांगलीत करायला काय झालं हुतं तुला?"

तुम्हीच मागून ओरडत होतात, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण त्या दिवशी टॉवेल माझ्या खांद्यावर होता. उभ्याला झोप लागली होती. ऊन त्याच्या तोंडावर यायला लागलं, तसे आम्ही दोघे सावली पडावी म्हणून त्याच्या उशाशी उभे राहिलो.