बंद करतानाचा आवाज

लॅपटॉप बंद करताना मला अजून ते आप्पा आठवतात. नाव विचारायचं राहूनच गेलं.

दौंडच्या एका दुकानात मी माझा लॅपटॉप दुरुस्तीला नेला होता. आमच्या घरातला तो पहिलाच, म्हणून जिवापाड जपलेला. शेजारी खुटबावचे आप्पा चपला बाहेर काढून बसले होते. त्यांची लेक गेल्या वर्षी वारली होती आणि आता तिचा जुना कॉम्प्युटरही जळाला होता. दुकानदाराने त्याच्या वाचलेल्या डिस्कवरचं सगळं एका नव्या लॅपटॉपमध्ये घेऊन आत व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतच दुसरा कॉम्प्युटर, बनवलं होतं. पडद्यावरच्या एका चौकटीत तिचं जुनं विंडोज जसंच्या तसं सुरू झालं. आप्पांनी हात धोतराला पुसून मगच माउस धरला.

"आप्पा, हे बंद करायची गरज न्हाई," दुकानदार म्हणाला. "फुली मारली की हाय तसं थांबतं. उद्या तिथनंच पुढं चालू."

"न्हाई, न्हाई," आप्पा घाईने म्हणाले. "बंदच करायला शिकवा. बंद करतानाच ती बोलती."

आम्हाला काही कळेना. दुकानदाराने शटडाउन केलं, तसा आतून एका मुलीचा हसरा आवाज आला, "आप्पा, वायर वढू नका! इझंस्तवर थांबा जरा."

कॉम्प्युटर पुरता विझायची वाट न बघता आप्पा थेट वायरच ओढायचे, म्हणून लेकीने कधीतरी तो आवाज रेकॉर्ड करून बसवला होता.

चौकट काळी झाली. माउसवरचा हात तसाच ठेवून आप्पा थांबलेलेच होते.