मागं बसणारा ड्रमवाला

कोठेही बसण्यापूर्वी तो त्या वस्तूवर दोन बोटांनी ठोका मारून पाहत असे. खुर्ची असो, स्कूटरची सीट असो, की वडूजच्या तहसील कचेरीबाहेरचे माझे टेबल असो. ठोका मारायचा, मान तिरकी करून ऐकायचे आणि मगच टेकायचे. माझ्या टेबलाविषयी त्याचे मत चांगले नव्हते. "वकीलसाहेब, टेबल बसलंय तुमचं. आवाजच न्हाई त्याला." मी वकील नाही, अर्जनवीस आहे, परंतु लोक आदराने तसे संबोधतात आणि मी त्यांना अडवीत नाही.

आपण यात्रांतून त्याच्या बँडचे कार्यक्रम पाहिले असतील, तरी त्याचा चेहरा आपणांस आठवणार नाही. गायक सर्वांना आठवतो. मागे पितळी थाळ्यांच्या आड घामाघूम होणारा इसम कोण, अशी चौकशी कोणी करीत नाही. तो इसम म्हणजे हा. एरवी कचेरीसमोरच्या दुकानात तो मोटारसायकलींच्या सीटची कव्हरे शिवी आणि यात्रांच्या हंगामात ड्रम वाजवी. त्यांच्या फलकावर 'रॉक बँड' असे लिहिलेले असे. लोक सरळ ऑर्केस्ट्रा म्हणत. गाणी मात्र त्यांची स्वतःची होती. बोअरला पाणी न लागल्याचे एक, सुट्टी संपवून पलटणीत परतणाऱ्या जवानाचे एक. आमच्या पिढीला ती तोंडपाठ आहेत.

त्याचे एक वाक्य ठरलेले होते. साहेबांपुढे जाण्यास धजत नसलेला एखादा वृद्ध अर्जदार माझ्यापाशी घुटमळू लागला, की तो दुकानातून ओरडे, "जावा आवं बिनघोर, मी मागं हाय!" मागे म्हणजे रस्त्यापलीकडे, हातात दाभण घेऊन. साहेबांपुढे त्याचा काडीइतकाही उपयोग नव्हता. तरीही माणूस आत जात असे.

हेच वाक्य त्याने बँडच्या गायकाला आयुष्यभर ऐकविले. गायक आष्ट्याचा, दोघांनी मिळून बँड उभा केलेला. पुढे गायकाचा घसा वर्षागणिक उतरत गेला, शस्त्रक्रिया झाली आणि आवाज कायमचा गेला. बँड संपला, असे आम्ही सर्वांनी गृहीत धरले.

तो संपला नाही. त्यांनी गायिका आणली. माणदेशाकडच्या मेंढपाळ घरातली, सांगलीत कापडाच्या दुकानात नोकरीस असलेली. सांगलीतच एका स्टुडिओत तिच्या आवाजात नवा अल्बम तयार करून तो मोबाइलवर सोडण्यात आला. काही गाणी नवी, आणि शेवटी तेच जुने जवानाचे गाणे.

कचेरीच्या आवारात दोन तट पडले.

"काय गळा हाय पोरीचा!" स्टॅम्पवाला म्हणाला. "माळावरनं हाक मारल्यागत."

"मग मेंढरं हाकायला ठेवा की," चहावाल्याने उत्तर दिले. "जवानाचं गाणं बाई गात्या व्हय? पलटणीत कवा गेल्ती ती?"

"त्यो आष्ट्याचा तरी कवा गेल्ता? त्याचं ऐकत हुतास न्हवं इतकी वर्सं?"

माझे मत कोणी विचारले नव्हते; तथापि मी ते सविस्तर दिले. गाणी बँडचीच वाटतात, परंतु अंगातला जीव निघून गेल्यासारखी वाटतात, आणि त्याचे कारण ती मुलगी होय.

ड्रमवाला हे सर्व ऐकत कव्हरे शिवीत राही. फक्त एकदा माझ्याजवळ येऊन उभा राहिला. ठोका न मारता.

"लोकांचं जाऊ द्या वकीलसाहेब. त्यो काय म्हणतोय ते कळंना."

तो, म्हणजे आष्ट्याचा गायक. अल्बम निघाल्यापासून त्याच्याकडून काहीच निरोप नव्हता. इकडे जवळच्या गावची यात्रा तोंडावर आलेली, पंचांनी नव्या गायिकेसह कार्यक्रमाची सुपारी दिलेली.

"त्याला नको असंल तर मी काठ्या खाली ठेवतो. पोरीला सांगतो, बाई, दुसरा ड्रमवाला बघ. पर त्याच्यापुढं मला शब्द फुटायचा न्हाई. तुमी नीट बोलता. चला संगं."

अशी विनंती नाकारणे मला शोभले नसते. गाड्या बदलीत आम्ही आष्ट्याला गेलो. एस.टी.च्या सीटवर तो नुसताच बसला, बोट लावले नाही.

गायक सोप्यात कॉटवर होता, गळ्याला मफलर. त्याच्या पत्नीने पाणी दिले. "भावजी, वाट चुकलासा का काय?" मी तयार करून आणलेली प्रस्तावना सुरू केली. गायकाने हात वर करून मला थांबविले आणि ड्रमवाल्याच्या खिशातल्या मोबाइलकडे बोट केले.

सगळा अल्बम त्याने डोळे मिटून ऐकला. जवानाचे गाणे लागले तेव्हा डोळे उघडले. ड्रमवाला फरशीकडे पाहत होता. गाणे संपले. गायकाने मान हलविली. नाही.

"बरं," ड्रमवाला उठत म्हणाला. "मग ऱ्हायलं."

गायकाने त्याचा शर्ट धरून त्याला खाली बसविले. स्वतःच्या गळ्याला हात लावला आणि तळवा हळूहळू खाली खाली नेला. मग कॉटखालची पत्र्याची पेटी ओढली आणि तिच्यावर दोन्ही मुठींनी असे काही ठोके घातले, की फडताळातली भांडी थरथरली.

"ते काय म्हणत्यात कळलं का?" पत्नी म्हणाली. आता तीच त्याचा आवाज होती. "पोरीचा गळा दांडगा हाय. तिच्यात खोट न्हाई. तुमी दबून वाजवलंय, भावजी. आजून यांच्याच गळ्याला जपतायसा."

मित्राचा घसा उतरू लागला तसा याने आपला हात हलका केला होता. दर हंगामाला थोडा अधिक. मैदानावर कोणाच्या ध्यानी येऊ नये, अशा बेताने. कोणाच्याही ध्यानी आले नव्हते. मी जो जीव गेला म्हणत होतो, तो गळ्यातून गेलाच नव्हता.

"जपून जपून हात तसाच पडला रं," ड्रमवाला म्हणाला. "माझं मलाच कळलं न्हाई."

गायकाने पेटी त्याच्यापुढे सरकविली. याने दोन बोटांनी ठोका मारला, मान तिरकी केली. आणि मग मुठी वळल्या.

यात्रेत दिवेलागणीला कार्यक्रम सुरू झाला. ती मुलगी माइकपाशी उभी होती, ओढणीचे टोक बोटाला गुंडाळीत. "घाबरू नगंस पोरी, मी मागं हाय," हे मी पहिल्या रांगेत बसून ऐकले. त्यानंतर जे वाजले, ते छातीत वाजले. मुलीने दचकून एकदा मागे पाहिले. पुन्हा पाहिले नाही. वाद मिटला, असे मी लिहिणार नाही. चहावाला आणि त्याच्या तटातले पुष्कळ लोक मध्येच उठून गेले. परंतु ड्रमवाल्याने तिकडे पाहिलेसुद्धा नाही. त्याच्याही मागे, पडद्याला लागून, मफलर गुंडाळलेला एक माणूस खुर्चीवर बसला होता.

पुढच्या हंगामापूर्वी ड्रमवाला गेला. दुपारी जेवून आडवा झाला, तो उठला नाही. मुलगी दुसऱ्या वाजवणाऱ्यासह गाते आहे. आवारात तिच्यावरून अद्याप भांडणे होतात. मी आता त्यांत पडत नाही, थकवा येतो. त्याच्या दुकानात मोबाइलची कव्हरे मिळतात.

परवा एक म्हातारी अर्ज हातात घेऊन पायरीशी घुटमळली. सवयीने तिने रस्त्यापलीकडे पाहिले. बराच वेळ पाहत राहिली. माझे गुडघे दुखतात, आणि टेबल सोडून उठणे माझ्या पेशाला शोभत नाही. तरी मी उठलो आणि साहेबांच्या दारापर्यंत तिच्या मागे जाऊन उभा राहिलो.