पहाटेचं पांघरूण

यंदा धारूरला जी थंडी पडली, तिला नुसतं थंडी म्हणणं म्हणजे तिचा अपमान. आमचं घर गावाच्या वरच्या अंगाला, किल्ल्याकडे तोंड करून. घाटातून वारा निघाला की पहिल्यांदा आमच्याच दारावर थाप मारतो. खोबरेल तेलाची बाटली चुलीशेजारी ठेवली तरी गोठलेली, आणि सकाळी नळाखाली हात धरावा तर पाणी चावायचं.

मी स्वभावानं सोयी करणारी बाई आहे. थंडीत लोक लवकर उठून देवधर्म करतात, मी दाराखालच्या फटीत चिंध्या कोंबते. खिडकीच्या फुटक्या तावदानाला पुठ्ठा लावते. दुपारी ओसरीवर उन्हाची पट्टी कुठून कुठवर सरकते हे मला पाठ आहे, त्या हिशेबानं खुर्ची हलवते. संध्याकाळी हुलग्याचं गरम माडगं, वर लसणाची फोडणी. ते पोटात गेलं की तासभर तरी थंडी आपली ओळख दाखवत नाही. पुण्याहून लेकीनं खोलीत ठेवायचा हीटर पाठवला होता. तोही मी मिरवत लावला.

तर एवढा सगळा थाट मी मांडला होता तो मायसाठी. माय म्हणजे माझी आई. पंचाहत्तरीची असेल, जन्मतारीख कुणी लिहून ठेवलीय? दिवाळीनंतर तिची छाती भरली. दवाखान्यात आठ दिवस काढले, आणि घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "यांना आता ऊब हवी. पुन्हा गारठा बसला तर काही खरं नाही." मी तिला गावाकडच्या वस्तीवर परत जाऊ दिलं नाही, माझ्याकडे आणलं. घरात आम्ही दोघीच. तिची खाट माझ्या खाटेला लावून टाकली, लेकराच्या वजनाचं जाड ब्लँकेट आणलं, आणि स्वतःवर खूश झाले.

दुसऱ्याच पहाटे घामानं जाग आली. मायचं ब्लँकेट माझ्या अंगावर. आणि माय खाटेवर उठून बसलेली, गुडघे पोटाशी, अंगावर नुसता पदर.

"माय, हे काय?"

"तुला गार लागत आसंल म्हनून."

"मला माझं पांघरूण आहे की."

"मला न्हाई लागत गं थंडी," म्हणाली, आणि लगेच खोकली.

तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशीही. मी चिडले, समजावलं, पुन्हा चिडले. दुसरं ब्लँकेट आणलं, म्हटलं दोन असली तर एक तरी तिच्यावर राहील. पहाटे दोन्ही माझ्यावर! मग तिच्या ब्लँकेटची टोकं सुतळीनं खाटेच्या पायांना बांधली. गाठी नीट उलगडून, सुतळीची गुंडाळी उशाशी ठेवून तिनं ते माझ्यावर घातलं. हीटरला तर ती पाठ करूनच बसायची. "तांबडं तोंड करून बघतंय मेलं," म्हणायची. एकदा म्हणाली, "घरात एखादं गोनपाट हाय का? मला तेवढं बास हाय."

गोणपाट म्हटल्यावर मी तिच्याकडे पाठ केली. मी नाही म्हणाले आणि भांडी घासायला गेले.

आता ते सांगायला हवं. पंचेचाळीस वर्षांत मी ते कुणालाही सांगितलं नव्हतं, नवऱ्याला त्याच्या शेवटच्या दुखण्यातही नाही.

मी तेव्हा सात वर्षांची होते. माय आणि बापू दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे, पार कृष्णाकाठच्या कारखान्यांकडे. नवराबायको मिळून एक कोयता. तिकडे मोजणी माणसांची नव्हे, कोयत्यांची. थोरली पोर सोबत न्यायची ती धाकट्याला सांभाळायला, आणि मी थोरली होते. धाकटी बहीण आठ महिन्यांची. तिचं नाव माय कधी घेत नाही, म्हणून मीही घेत नाही.

आमची कोपी म्हणजे कामट्या वाकवून वर चटई टाकलेलं खोपटं. आत मोठ्या माणसाला उभं राहता यायचं नाही. खाली पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, आणि त्यावर एक वाकळ अंथरलेली. दुसरी वाकळ, जुन्या लुगड्यांची, चांगली जाड, ती पांघरायला. ती धाकटीची. माय रोज ती दुहेरी करून धाकटीला त्यात गुंडाळायची. मला गोणपाट. त्यात मी पाय घालून, वरचं तोंड काखेपर्यंत ओढून झोपायची. तक्रार नव्हती, आमच्या कोप्यांच्या ओळीतल्या सगळ्याच थोरल्या पोरी पोत्यात झोपत.

त्या पहाटे उसाच्या फडात ट्रक आला. ट्रक आला की भरायला जायचंच, वाजले किती हे कुणी बघत नाही. मायबाप उठून गेले ते मला कळलंही नाही. त्या साली थंडी अशी होती की चटईवरचं दव पांढरं होऊन बसायचं. मला आठवतं ते एवढंच: झोपेत एकाएकी ऊब आली. जड, छान, दुधाचा वास असलेली ऊब. आणि ती आल्यावर शेजारून एक बारीक आवाज झाला, मांजराच्या पिलानं करावा तसा. दोनदा. मी कूस वळवली आणि आणखी गाढ झोपले.

उजाडल्यावर माय आली. वाकळ माझ्या अंगावर होती आणि धाकटी उघड्या पाचटावर. मायनं तिला उचललं. लाकूड उचलावं तसं ते अंग आखडलेलं होतं. मग माय ओरडली, ओळीतल्या बाया धावल्या. पण त्याआधी तिनं एकदा वाकळीकडे बघितलं आणि एकदा माझ्याकडे. फार वेळ बघितलं.

तिला त्याच फडाच्या बांधाला पुरलं. दुसऱ्या दिवशी आमची टोळी पुढच्या गावच्या उसात गेली. तो बांध आता कुठे असेल, मला सांगता यायचं नाही.

मायच्या त्या बघण्याखाली मी वाढले. तिनं मला कधी मारलं नाही, घालून पाडून बोलली नाही, उलट पुढच्याच साली हट्टानं वसतिगृहात घातलं. मला वाटायचं, तिला मी नजरेसमोर नको आहे. झोपेत धाकटीची वाकळ मी ओढून घेतली होती, हे मला ठाऊक होतं आणि तिलाही ठाऊक होतं. पुढे मी अंगणवाडीत लागले. हिवाळ्यात आलेल्या प्रत्येक बाळाचे तळपाय मी आधी हातात धरते, वजन मागाहून. बायका हसतात, म्हणतात, बाईंना खोडच आहे. दिवाळीनंतर निम्म्या घरांना कुलपं लागतात, तेव्हा त्या बंद दारांवरून जाताना मी मान खाली घालून चालते. त्या घरांतली लेकरं कुठे निजत असतील, हे मला माहीत आहे.

तर यंदाच्या त्या पहाटा. मला वाटू लागलं, माय मला शिक्षा देतेय. घे, तुला पांघरूण हवं होतं ना, घे! हा विचार किती खुळा आहे हे दिवसा कळायचं. पहाटे त्या दोन ब्लँकेटांखाली घामाघूम पडल्यावर कळायचं नाही. आणि तिचा खोकला वाढत चालला होता. एका सकाळी तिचं अंग चटके देऊ लागलं, ताप आला, आणि माझा धीर सुटला.

दोन दिवसांनी ताप उतरला, तेव्हा दुपारी तिला ओसरीवर उन्हात बसवलं. सुपात तीळ होते, ते ती निवडत होती. मी तिच्या पायांशी बसले आणि सगळं एकदाच ओकून टाकलं.

"माय, किती दिवस असं मारणार मला? वाकळ मीच ओढली होती. मला माहितीय, तुला माहितीय. पण मी झोपेत होते. सात वर्षांची होते. त्याच्यासाठी आता स्वतःचा जीव घालवणार का तू?"

तिचा हात तिळातच राहिला.

"तू? तू कशाला वढशील? तू तर लाकडावानी पडली व्हतीस."

"मग माझ्या अंगावर आली कशी?"

"म्याच टाकली."

ती सुपाकडे बघत बोलत राहिली, जणू तिळांनाच सांगत होती.

"गाडी आलती. तुह्या बापूनं हाक मारली. मी उठले, अंधारात दोघीला हात लावून पाह्यलं. ती गार लागली. पार गार. तू कुडकुडत व्हतीस, दात वाजत व्हते तुहे. म्हनलं, ही तर गेली. एक तरी राहू दे. तिच्यावरली काढली आन तुह्यावर टाकली."

"आणि?"

"आन गाडी भराया गेले. रडले आसते तर गाडी थांबली आसती, समद्या टोळीचा दिस गेला आसता. फळीवरून मोळ्या चढवल्या उजाडंपतोर. बापूला बी सांगितलं न्हाई."

म्हणजे ते बघणं माझ्यासाठी नव्हतं. तिनं स्वतःच टाकलेल्या वाकळीकडे ती बघत होती. पंचेचाळीस वर्षं मी दुसऱ्याचंच पाप माझं म्हणून सांभाळत होते. मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलंही, एक क्षणभर. मग माय पुढचं बोलली.

"पर माह्या हातालाच गारठा व्हता गं. बोटं मेल्यावानी झाली व्हती. तवा माह्या बोटाला चूल बी गार लागली आसती. तोंडापाशी कान न्याया पायजे व्हता. न्हाई नेला. गाडी उभी व्हती." तिनं आपली बोटं उन्हात धरली, वाकडी, कोयत्यानं सांध्यांना गाठी आलेली. "अजून भरवसा न्हाई या बोटांचा. पहाटं जाग येती, तुला हात लावते. ऊन लागतीस. तरी वाटतं, बोटं खोटं सांगत आसतील. मंग टाकते."

रस्त्यानं एक ट्रॅक्टर गेला. तो जाईपर्यंत ती थांबली. मग तिनं माझ्याकडे बघितलं, अगदी तसंच, त्या सकाळसारखं.

"तू जागी व्हतीस का गं तवा? काय ऐकलं व्हतंस का?"

तो आवाज आत्ता झाल्यासारखा माझ्या कानात होता. वाकळीची ऊब आल्यानंतरचा. आल्यानंतरचा, आधीचा नव्हे. पंचेचाळीस वर्षं मी तो रोज ऐकलाय, त्याचा क्रम माझा चुकणार नाही.

माझ्या तोंडात आपोआप तिची बोली आली.

"जागी व्हते, माय. ती आदीच गेलती. तू उठायच्या लई आदी. म्या हात लावला व्हता तिला. माहे हात पोत्यात व्हते, ऊन व्हते. मला कळलं व्हतं. भ्याले, म्हनून बोलले न्हाई."

"खरं?"

"तुही आन."

खोटी शपथ, तीही आजारी आईची. पण मी नजर हलू दिली नाही. माय बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं सूप बाजूला सारलं, तिथंच ओसरीच्या उन्हात आडवी झाली आणि म्हणाली, "जरा काही टाक गं अंगावर."

मी आतून ब्लँकेट आणलं आणि तिच्या पायांपासून गळ्यापर्यंत नीट खोचलं. तिनं काढलं नाही. दिवस कलेपर्यंत झोपली.

तेव्हापासून माय रोज गाढ झोपते. खोकला कमी झालाय, माडगं दोन वाट्या पिते, हीटर आपल्याकडे वळवून घेते. पहाटे जागी असते ती मी. तिचं ब्लँकेट जागेवर आहे ना ते बघते, हात ऊन करून घेते आणि तिच्या कपाळाला लावते. मग माझ्या खाटेवर पडते आणि तो आवाज येतो, दोनदा, नेहमीसारखा. आधी वाटायचं, एक दिवस मायला सांगेन आणि मोकळी होईन. आता तो कुणालाच सांगता येणार नाही.