मामांचा उलटा प्रश्न

थांबा, हातातलं बाजूला ठेवा, हे आत्ताच्या आत्ता सांगितलं नाही तर माझं पोट फुटेल! माझ्या मैत्रिणीच्या मामांइतका संशयी माणूस अख्ख्या खानदेशात सापडायचा नाही. धुळ्यात कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झाले, पण पडताळणी काही सुटली नाही. भाजीवाल्याला विचारतात, "वांगी आजची ना?" मग मेथी चाळवत हळूच, "वांगी कालची ना?" दोन्हीला 'हो' आलं की रिकामी पिशवी घेऊन घरी. मामी म्हणतात, "मला बघायला आले तेव्हाही आधी विचारलं पसंत आहे का, आणि पोहे खाऊन झाल्यावर, नापसंत आहे का!"

तर माझा प्रबंध पुढच्या महिन्यात द्यायचा होता. बायकांचं मत घरात किती विचारतात, यावर प्रश्नावली. पिंपळनेरकडच्या गावांत उन्हातान्हात फिरून भरून आणली. मग विश्वासार्हतेचा आकडा काढला, म्हणजे उत्तरं एकमेकांशी किती जुळतात ते. इतका झकास आला की मी नाचतच मामांकडे! मामांनी चष्मा कपाळावर चढवला. "इतकं जुळतंय? खरी माणसं इतकी जुळत नाहीत गं." आणि बघते तर काय, 'घरात माझं मत विचारतात' आणि 'घरात मला कुणी विचारत नाही', दोन्हीला बहुतेक सगळ्या 'हो'! उलट्या प्रश्नाचे गुण उलटे करायचे, म्हणजे तिथल्या 'हो'ला 'नाही' धरायचं, हे मी चक्क विसरले होते. केले, तर आकडा धाडकन आपटला.

"घरी बसून भरलीस ना?"

"नाही हो मामा!" मला रडूच आलं.

मामांनी पाणी दिलं, आणि लगेच, "गावात जाऊनच भरलीस ना?"

"हो!"

"जुळतंय. तरी बघून येऊ."

दुसऱ्या दिवशी मामा माझ्यासोबत एसटीत. त्यातल्याच एका गावात, पहिल्याच घरी तिथल्या अक्कांनी चहा ठेवला. मामांनी दोन्ही प्रश्न विचारले. दोन्हीला "हो भाऊ."

"अक्का, दोन्ही कसं खरं?"

अक्का पदराआड हसल्या. "पोर इतली तपनमा उनी, तिले नाही कसं म्हनू?"

इतक्या उन्हात आलेल्या पोरीला नाही कसं म्हणायचं! झालं. माझ्या प्रबंधात सगळा पाहुणचारच भरला होता.

"पोरगी खरी, प्रश्नावली खोटी," मामा म्हणाले. "हो-नाही काढून टाक. परत सगळ्यांना विचारू. मी येतो." म्हणजे पुढच्या महिन्यात प्रबंध देणं गेलंच.

येताना एसटीत मामा खिडकीबाहेरच बघत होते. साक्री मागे पडल्यावर एकदम म्हणाले, "मी वर्गात विचारायचो, समजलं का? सगळी पोरं, हो सर. इतकी वर्षं." मग माझ्याकडे वळून, अगदी हळू, "तुला तरी समजतं का गं, मी सांगतो ते?"

'हो' जिभेवर होतं हो, पण बाहेरच येईना. तुमचं झालंय का असं कधी? सांगा ना, खरंच झालंय?