कासीमची भिजलेली गादी

शाळेचा शिपाई दारात उभा राहून म्हणाला, “पिंजारी सर गेलं की हो.” मी चहा गाळत होतो. गाळणी तशीच हातात राहिली... कासीम पिंजारी आणि मी कोल्हापुरातल्या एकाच शाळेत, तो भूगोल शिकवायचा, मी मराठी. त्याला जाऊन आता काही आठवडे झाले. तो गेल्याचं दुःख आहेच; पण तो त्याच्या कितीतरी आधी आतून विझला होता आणि आम्ही सगळे नुसते बघत राहिलो, हे सोसवत नाही.

त्याच्या घरचा धंदा गाद्या भरायचा. एकोणीसशे सत्तरच्या आसपास रद्दीच्या दुकानात त्याला एक परदेशी मासिक मिळालं. पृथ्वीचं कवच अखंड नाही, त्याचे प्रचंड तुकडे आहेत आणि ते सरकतात, असं त्यात होतं. कासीम वेडाच झाला. आमचं शाळेचं पुस्तक तर अजून पृथ्वी निवत निवत आकसते, डोंगर म्हणजे तिच्या सुरकुत्या, एवढंच सांगत होतं. दुसऱ्या दिवशी त्याने घरच्या दुकानातल्या दोन गाद्या वर्गात आणल्या, समोरासमोर पसरल्या आणि एकीवर तांब्याभर पाणी ओतलं. “ही समुद्राच्या तळाची. ढकला रे!” पोरांनी ढकलली तशी ओली गादी कोरडीच्या खाली शिरली. “आता ही पाणी घेऊन खोल जाणार. तिथला खडक आधीच तापलेला, पाणी मिळालं की तो वितळायला लागतो. वितळला की हलका, हलका झाला की वर... आणि वर फुटला की ज्वालामुखी!” वर्गाने टाळ्या वाजवल्या. दुकानात मात्र त्याचा भाऊ दिलावर खवळला, “गादी भिजिवलीस की रं! गिऱ्हाईकाला काय ज्वालामुखी इकू व्हय?” ती गादी मग डागासकट कासीमच्याच घरी राहिली.

त्या वर्गात शेवंता होती. यंदा मॅट्रिक पास झालीस तरच पुढं कॉलेज, असं बापाने बजावलेलं. मॅट्रिकला ज्वालामुखीचाच प्रश्न आला आणि पोरीने पुस्तक सोडून पानभर गाद्यांचं उत्तर लिहिलं. तपासणाऱ्याने ते चूक धरलं असणार. भूगोलात ती थोडक्या गुणांनी नापास झाली. पोरीला पुन्हा परीक्षेला बसू द्या म्हणून कासीम तिच्या बापाचे पाय धरायला गेला, मी बरोबर होतो. बाप म्हणाला, “तुमी शिकिवलं म्हणूनच बुडाली की पोरगी.” महिन्याभरात तिचं लग्न लागलं, गगनबावड्याकडं.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत कासीमने सुरकुत्याच शिकवल्या, खिडकीबाहेर बघत. तो निवृत्त झाल्यावर शाळेत नवं पुस्तक आलं, त्यात सरकणारे तुकडे चित्रासकट छापलेले. मी ते घेऊन धावत त्याच्या घरी गेलो. त्याने चित्र बघितलं, पुस्तक मिटलं. “आता काय उपेग?” एवढंच म्हणाला.

तो गेल्यावर त्याच्या घरी भेटायला गेलो तेव्हा बाहेरच्या खोलीत बसायला गाद्या अंथरल्या होत्या, त्यात ती डागाची गादीही होती. कोपऱ्यात डोक्यावर पदर घेतलेली एक बाई बसली होती. दिलावरने नाव सांगितलं तेव्हा ओळख पटली. शेवंता. ती हळूच म्हणाली, “सर, एक इचारू? माझं उत्तर चुकलंतं व्हय?”

“नाही गं. बरोबर होतं. सगळं बरोबर होतं.”

“मग पिंजारी सरांनी कवा सांगितलं न्हाय ते...”

तिने गादीवरच्या डागावर हात फिरवला. गादीचं टोक शेजारच्या गादीखाली गेलं होतं. ते ओढून तिने सरळ केलं आणि उठली.